एकविसाव्या प्रश्नाची रिकामी जागा : अमरावती-अकोल्याची महाविद्यालये आणि आपला अभिप्राय

वर्ष संपत आलं की महाविद्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक येते. सर्वांनी आज पाच वाजेपर्यंत फीडबॅक फॉर्म भरावा, भरल्यावर स्क्रीनशॉट टाकावा. अमरावती असो की अकोला, मजकूर थोडाफार सारखाच. मुलंमुली बसस्टँडवर उभ्या उभ्या तो भरतात. वरपासून खालपर्यंत 'उत्कृष्ट', 'उत्कृष्ट', 'उत्कृष्ट'. शेवटी एक रिकामा चौकोन असतो, त्यात 'नो' किंवा नुसतं एक टिंब. असं काहून, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : कोन वाचते ते? अन् वाचलंच त सरले आपलं नाव मालूम पडन.

कोणी वाचत नाही याची खात्री आणि कोणी वाचेल याची भीती, दोन्ही एकाच वेळी. आमच्या मते वऱ्हाडातल्या उच्च शिक्षणाच्या दर्जाची अर्धी गोष्ट या दोन वाक्यांत आहे. उरलेली अर्धी आपल्या घराघरांत आहे. ती सांगायला थोडी कडू आहे, पण सांगू.

ही लिंक येते कुठून? राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, म्हणजे आपण जिला 'नॅक' म्हणतो ती संस्था, १९९४ मध्ये स्थापन झाली. मुख्यालय बेंगळुरूला. महाविद्यालयाचा दर्जा तपासून श्रेणी देणं हे तिचं काम. २०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची नवी चौकट आणली आणि त्यात अभिप्रायाला दोन ठिकाणी जागा दिली. एकूण गुण हजार. त्यातले थोडे गुण महाविद्यालय विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांचा अभिप्राय घेतं की नाही यासाठी. आणि पन्नास-साठ गुण 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' या दुसऱ्या गोष्टीसाठी.

पहिल्या भागाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तिथे पायऱ्या आहेत. अभिप्राय नुसता गोळा केला, ही सगळ्यात खालची पायरी. गोळा करून विश्लेषण केलं, त्याच्या वरची. विश्लेषणावर कार्यवाही केली, आणखी वरची. कार्यवाही करून सगळं संकेतस्थळावर टाकलं, ती शेवटची. कागदावर बहुतेक महाविद्यालयं शेवटच्या पायरीवर असतात. संकेतस्थळ उघडून बघा. रंगीत गोल तक्ते असतात, 'विद्यार्थी समाधानी आहेत' असं वाक्य असतं, आणि 'कार्यवाही अहवाल' या नावाखाली दोन-चार ओळी. ग्रंथालयात पुस्तकं वाढवली, पिण्याच्या पाण्याची सोय केली. कोणी काय मागितलं होतं, किती जणांनी मागितलं होतं, काय देता आलं नाही आणि का, याचा पत्ता नसतो.

यात सगळा दोष महाविद्यालयांचा आहे असं आम्ही म्हणणार नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. अभ्यासक्रम ठरवतात विद्यापीठाची अभ्यास मंडळं. मग बाळापूरच्या किंवा दर्यापूरच्या महाविद्यालयाने अभ्यासक्रमाबद्दल कितीही प्रामाणिक अभिप्राय घेतला, तरी त्यांच्या हातात बदलण्यासारखं काय आहे? त्यांनी तो विद्यापीठाकडे पाठवायला हवा. पाठवतात का, आणि पाठवला तर अभ्यास मंडळाच्या टेबलावर तो येतो का, हे विचारणारा कोणी नाही. विचारणारे आपण असू शकतो, पण तिकडे नंतर येऊ.

मेल जातो कुठे?

विद्यार्थी समाधान सर्वेक्षण दोन तऱ्हेने होतं. एक महाविद्यालय स्वतः दरवर्षी घेतं आणि वार्षिक गुणवत्ता अहवालासोबत त्याचा निकाल देतं. दुसरं मूल्यांकनाच्या वर्षी नॅक स्वतः घेते, महाविद्यालयाला मध्ये न घेता. महाविद्यालय शिकत असलेल्या विद्यार्थ्यांची यादी ई-मेलसह पाठवतं, आणि नॅककडून थेट विद्यार्थ्यांना मेल जातात. महाविद्यालयासाठी अट अशी, की एकूण विद्यार्थ्यांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल, निदान तितकी उत्तरं यायला हवीत. तेवढी आली नाहीत तर तो भाग मूल्यांकनात धरलाच जात नाही.

हा हिशेब जरा थांबून करा. तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शंभर उत्तरं आली की अट पूर्ण. म्हणजे त्या शंभरातलं प्रत्येक उत्तर जवळजवळ तीस जणांच्या वतीने बोलतं. आणि नेमकी इथेच आपली मुलंमुली गायब होतात.

कशी? प्रवेशाच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यातल्या नेट कॅफेवर काय चालतं ते आठवा. अब्बा किंवा भाईजान मुलीला घेऊन जातात, गर्दी असते, कॅफेवाला भराभर फॉर्म भरतो. ई-मेल विचारलं तर मुलीचं नसतंच, किंवा असतं पण पासवर्ड आठवत नाही. मग कॅफेवाला आपलंच एखादं मेल टाकून देतो. मोबाईल नंबर बऱ्याचदा भावाचा, कधी चाचांचा. काम झालं, पावती मिळाली, सगळे खूश. दोन वर्षांनी सर्वेक्षणाचा मेल त्या कॅफेवाल्याच्या पेटीत जाऊन पडतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाल्याचा निरोपही तिथेच जातो, हे वेगळं. ज्या मुलीला विचारायचं होतं तिला कोणी काही विचारलंच नाही, आणि दोष कोणाचाच नाही.

आम्ही हे हलक्यात घेत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात साधारण पाचातला एक माणूस मुस्लिम आहे, अमरावतीत साधारण सातातला एक. केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची नोंद २१.१ लाख होती, आणि त्यात मुली जवळजवळ निम्म्या. मुली इथपर्यंत पोहोचल्या. मोजणीतही आल्या. त्यांचं म्हणणं मात्र यादीतल्या एका चुकीच्या पत्त्यावर अडकून राहिलं.

वीस प्रश्न आणि एक

नॅकच्या प्रश्नावलीत एकवीस प्रश्न आहेत. पहिल्या वीस प्रश्नांना पाच-पाच पर्याय. वर्गात अभ्यासक्रम किती शिकवला गेला? शिक्षक तयारी करून येतात का? समजेल असं बोलतात का? अंतर्गत मूल्यमापन न्यायाने होतं का? दिलेल्या कामाबद्दल तुमच्याशी चर्चा होते का? प्रश्न चांगले आहेत. अंतर्गत गुणांचा प्रश्न तर आपल्याकडे फार नाजूक आहे, कारण ते गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याबद्दलच हा फॉर्म असतो.

पण हे सगळे प्रश्न वर्गाच्या दाराच्या आत सुरू होतात. त्या दारापर्यंत मुलगी कशी येते, आणि दुपारनंतर घरी कशी जाते, हे एकही विचारत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाचं नाव नाही. शिष्यवृत्ती आली की नाही, फी किती घेतली, काही नाही. शेवटचा, एकविसावा प्रश्न तेवढा मोकळा आहे. शिकण्या-शिकवण्याचा अनुभव सुधारण्यासाठी तीन निरीक्षणं किंवा सूचना द्या. ज्या चौकोनात आपली मुलं टिंब देऊन मोकळी होतात, तो हाच. महाविद्यालयांच्या स्वतःच्या फॉर्मचाही साचा बहुतेक असाच असतो.

आता त्या चौकोनात काय लिहिता आलं असतं ते पाहू.

पातूर, बाळापूर, मूर्तिजापूर इथून अकोल्याला, आणि अचलपूर-परतवाडा, अंजनगाव, चांदूर बाजार इथून अमरावतीला रोज येणाऱ्या मुलींचा दिवस एसटीच्या वेळेवर चालतो. परतवाडा ते अमरावती हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूरवरून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' बंद पडून वर्षं झाली, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या गावांना आता एसटी किंवा काळीपिवळी. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. महाविद्यालयात पाय ठेवला की तो संपतो, आणि सवलतीच्या मासिक पासचे पैसे भरावे लागतात. हा पहिला धक्का. दुसरा धक्का वेळापत्रकाचा. विज्ञान शाखेचं प्रात्यक्षिक दुपारी उशिरा लावलं, की ते आटोपून स्टँडवर पोहोचेपर्यंत सोयीची बस निघून गेलेली असते. पुढची येते तेव्हा हिवाळ्यात अंधार. असं आठवड्यातून दोनदा झालं की घरात बोलणं सुरू होतं. अम्मी काही बोलत नाहीत, दादी बोलतात. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मुलगी कॉलेज सोडते आणि महाविद्यालयाच्या नोंदीत कारण लागतं 'वैयक्तिक'. मोहल्ल्यात कारण लागतं 'रिश्ता आला'. खरं कारण असतं साडेचारचं प्रात्यक्षिक.

बाहेरगावच्या मुलींची प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळी लावणं हे विभागप्रमुखाच्या हातातलं काम आहे. त्याला विद्यापीठाची मंजुरी लागत नाही, सरकारी निधी लागत नाही. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळेला चाचणी न ठेवणं, हेही तसंच. एका मुलीने लिहिलं तर ती तिची अडचण. पन्नास मुलींनी एकविसाव्या प्रश्नात तेच लिहिलं, तर ते विश्लेषणात येतं, आणि कार्यवाही अहवालात त्याचं उत्तर द्यावं लागतं. तेच पत्र घेऊन महाविद्यालय एसटीच्या आगार व्यवस्थापकाकडे बसची वेळ बदलून मागू शकतं. एकट्या बापाच्या अर्जापेक्षा प्राचार्यांच्या पत्राला वजन जास्त, हे आपल्याला माहीत आहे.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांचंही असंच. बारावीपर्यंत उर्दूत शिकून पहिल्या वर्षाला एकदम मराठी-इंग्रजी व्याख्यानात बसलेला मुलगा सहा महिने नुसता वहीत उतरवत असतो. 'शिक्षक समजेल असं बोलतात का' या प्रश्नावर तोही 'उत्कृष्ट' टिकमार्क करतो. नापास झाल्यावर घरी म्हणतो, सर चांगले नाहीत. फॉर्मवर ते म्हटलं असतं, म्हणजे सर चांगले नाहीत असं नव्हे, तर 'पहिल्या सत्रात भाषेसाठी पूरक वर्ग हवेत' असं, तर काही झालं असतं. दोन म्हणण्यांतला हा फरक मुलांना कोणी शिकवत नाही.

आपण पालक कुठे आहोत?

नॅकच्या २०१७ च्या चौकटीत अभिप्राय देणाऱ्यांत पालकही होते. पुढच्या आवृत्तीत ते गळाले, पण महाविद्यालयं पालक मेळावा आणि पालकांचा फॉर्म अजूनही घेतात. मेळाव्याला आपल्यापैकी किती जण जातात? कामाचा दिवस असतो, दुकान बंद ठेवता येत नाही, हे खरं. पण निकाहचं आमंत्रण असलं की ठेवतो ना बंद. पालकांचा फॉर्म मुलगाच भरतो आणि खाली अब्बांची सही करतो. आमच्या पाहण्यात आलेले असे फॉर्म इंग्रजीत किंवा मराठीत होते, उर्दूत एकही नव्हता. उर्दूत फॉर्म द्या, ही मागणी करायलाही आधी मेळाव्याला जावं लागतं.

फॉर्मच्या पलीकडे कायद्याने दिलेल्या खुर्च्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि वर्षातून निदान चार वेळा तिची बैठक व्हायला हवी. तीत शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य असतात, त्यांतला निदान एक माजी विद्यार्थी. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही असतात. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही, म्हणजे आयक्यूएसीत, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि स्थानिक समाजाचा प्रतिनिधी अपेक्षित आहे. त्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर असायला हवीत. आपल्या शहरातल्या महाविद्यालयाच्या यादीत माजी विद्यार्थी म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. आपल्यातून डॉक्टर, वकील, शिक्षक, कारखानदार झालेल्या किती जणांनी आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघटनेत नाव नोंदवलं आहे? गेट-टुगेदरचे फोटो टाकतात, नोंदणी करत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या खुर्चीची गोष्ट जरा वेगळी. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकीची तरतूद केली. २०१९ मध्ये निवडणुका होणार होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोरोना आला, आणि विषय मागेच पडला. ज्या समित्यांत विद्यार्थ्याचा निवडून आलेला आवाज अपेक्षित होता, तिथे तो नाही. हा सगळ्याच समाजांच्या मुलांवरचा अन्याय आहे. त्यासाठी आपल्या मुलांनी इतरांसोबत उभं राहायला हवं.

एक घोळ मात्र टाळा. अभिप्राय वेगळा, तक्रार वेगळी. परीक्षा शुल्क परत मिळालं नाही, मूळ कागदपत्रं अडवून ठेवली, कपड्यावरून किंवा नावावरून वेगळी वागणूक मिळाली, हे एकविसाव्या प्रश्नात लिहून सोडून देण्याचे विषय नाहीत. शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला, की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पात्र असूनही पैसे मागितले गेले, तर ती तक्रार आहे. यूजीसीच्या ११ एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांशी भेदभाव झाल्याची तक्रार या नियमांत स्पष्टपणे मोडते. लेखी द्या, पोच घ्या.

श्रेणी जाईल, प्रश्न राहील

२०२३ मध्ये राज्य शासनाने नॅक न केलेल्या महाविद्यालयांवर दबाव वाढवला आणि मूल्यांकनासाठी धावपळ सुरू झाली. दरम्यान मूल्यांकनाचीच पद्धत बदलते आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनंतर जानेवारी २०२४ मध्ये नॅकने जाहीर केलं, की ए-बी-सी श्रेणींऐवजी 'प्रत्यायित' किंवा 'प्रत्यायित नाही' असा सरळ निकाल येईल आणि त्यापुढे पाच स्तर असतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकनात लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी पथकातल्या सदस्यांना अटक केली. पाच-सहा माणसांच्या पथकाने दोन दिवस येऊन सगळं ठरवायचं, या पद्धतीवरचा विश्वास त्यामुळे आणखी डळमळला. पथकाचं वजन कमी होणार असेल, तर महाविद्यालयाने भरलेली माहिती खरी की खोटी हे सांगू शकणारं माणूस एकच : तिथे रोज जाणारा विद्यार्थी.

ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं आणि त्याचे निकाल अभ्यासक्रमनिहाय सगळ्यांना पाहता येतात. प्रवेश घेणारा मुलगा ते बघून महाविद्यालय निवडतो. तिथेही वाद आहेत. २०१७ मध्ये विद्यार्थी संघटनेने त्यावर बहिष्कार घातला होता, कारण सरकार ते निकाल फी वाढवण्याशी जोडू पाहत होतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एक प्रयोग झाला. ऑनलाइन वर्गात शिकवणारी व्यक्ती तीच, पण विद्यार्थ्यांना ती पुरुष आहे असं सांगितलं की गुण जास्त, स्त्री आहे असं सांगितलं की कमी. म्हणजे अभिप्राय आला म्हणून तो न्यायाचाच असेल असं नाही. आपल्या बुरखा किंवा हिजाब घालणाऱ्या प्राध्यापिकांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून आम्ही शिक्षकाला गुण देण्यापेक्षा एकविसाव्या प्रश्नावर जास्त भर देतो. व्यक्तीबद्दल कमी, व्यवस्थेबद्दल जास्त. वेळापत्रक, भाषा, बस, स्वच्छतागृह, ग्रंथालय उघडं राहण्याची वेळ. यात कोणा सरांना राग यायचं कारण नाही, म्हणून नाव कळण्याची भीतीही कमी.

आणि भीती अगदीच असेल, तर एकट्याने लिहू नका. वर्गातल्या दहा-बारा जणींनी आधी बसून ठरवा, की या वर्षीच्या तीन सूचना कोणत्या. त्यात सुनीता आणि पल्लवीलाही घ्या, त्यांचीही बस तीच आहे. मग प्रत्येकीने आपल्या शब्दांत तेच लिहा. स्क्रीनशॉट तर काढायचाच असतो, तो स्वतःजवळ ठेवा. पुढच्या सत्रात कार्यवाही अहवाल उघडून बघा, आपल्या तीन सूचनांचं काय झालं. काहीच दिसलं नाही, तर आयक्यूएसीच्या समन्वयकांना भेटा आणि विचारा. भांडायला नको, नुसतं विचारायला जा. अभ्यासक्रमाबद्दलची सूचना असेल, तर ती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे कोणत्या तारखेला पाठवली, हेही तिथेच विचारा.

मोहल्ल्यातल्या ज्या तरुणांनी प्रवेशाच्या दिवसांत मदत केंद्रं चालवायला घेतली आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. फॉर्म भरण्याआधी प्रत्येक मुलीचं स्वतःचं ई-मेल उघडून द्या. पासवर्ड तिच्याच वहीत, तिच्याच हाताने लिहून घ्या. दहा मिनिटं जास्त लागतील, बाहेर रांग वाढेल, मागून कोणी चाचा ओरडतील, तरी चालेल.